स्वयंपाकघरातील कपाटे रंगवण्यासाठी कारागीर कसा नेमावा

कारागीर शोधण्यापूर्वी कपाटांची दारे, म्हणजे शटर, कशाची आहेत ते पाहावे. व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) रंग चांगला बसतो; गुळगुळीत सनमायकावर मात्र नीट घासून, चिकटून राहणारा खास प्रायमर दिल्याशिवाय तो टिकत नाही. सिंकखालचे शटर पाण्याने फुगले असेल, तर ते रंगवण्याऐवजी बदलावे.

भिंती रंगवणारा रंगारी कपाटेही तितक्याच सफाईने रंगवील, असे गृहीत धरू नये. स्प्रेगनने पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणारे कारागीर बहुधा पॉलिशवाले म्हणून ओळखले जातात, म्हणून त्यांची चौकशी सुताराकडे करावी. नव्या कामाच्या छायाचित्रांवर न जाता वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे एखादे काम प्रत्यक्ष पाहावे आणि तेथे मुठीभोवतीचा भाग, कडा व शेगडीजवळची शटर आवर्जून तपासावीत.

दर चौरस फुटावर ठरतो आणि वादही तेथेच उद्भवतो. दीड फूट रुंद व दोन फूट उंच अशा 20 शटरांची एक बाजू 60 चौरस फूट भरते, दोन्ही बाजू धरल्यास 120. त्यामुळे आतली बाजू धरली आहे का आणि दर मालासहित आहे की केवळ मजुरीचा, हे कागदावर यावे.

त्याच कागदावर कामाचा क्रमही लिहून घ्यावा, कारण घाईच्या कामात कात्री लागते ती पूर्वतयारीला. शटर, मुठी व बिजागऱ्या काढून प्रत्येकावर क्रमांक घालणे, फोडणीच्या तेलाचा चिकट थर धुऊन काढणे, घासणे, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणे, प्रायमर देऊन पुन्हा बारीक पॉलिश-कागदाने घासणे आणि त्यानंतरच रंगाचे किमान दोन हात, एवढे त्यात असावे. धुण्याचा टप्पा वगळला, तर उंची रंगही पापुद्र्याने सुटतो.

कोकणपट्टीत पावसाळ्यात हे काम काढू नये; दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. रंग पातळ करण्याच्या थिनरची वाफ पेट घेणारी असल्याने स्प्रे शक्यतो कारागिराच्या कारखान्यात व्हावा. घरीच करायचा झाल्यास गॅस सिलिंडर बंद करून बाहेर हलवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सोसायटीला आधी कळवावे.

शटर परत बसून, दारे न घासता मिटतात हे पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे द्रव्य, मिसळलेला उरलेला रंग डब्यात घट्ट होतो, म्हणून तो मागून घेण्याऐवजी रंगाची कंपनी आणि छटेचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.