काडाच्या साखरेवर यीस्ट वाढवताय? या चुका टाळा

काडातल्या झायलोज या साखरेपासून यीस्टकडून इथेनॉल करून घ्यायचं असतं. पण शुद्ध झायलोजवर स्ट्रेन (यीस्टचा वाण) जोमात वाढला की काम फत्ते झालं, असं समजणारे फार भेटतात. गव्हाच्या काडावर आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या हायड्रोलायझेटमध्ये, म्हणजे साखर सुटलेल्या द्रवात, नुसती साखर नसते. हेमिसेल्युलोज या काडातल्या घटकामधून सुटलेलं ॲसेटिक आम्ल असतं, जास्त तापलेल्या पेंटोजपासून (झायलोजसारख्या पाच कार्बनच्या साखरेपासून) झालेलं फरफ्युरल असतं, लिग्निन या काडाच्या कठीण घटकामधली फिनॉलही असतात. ही सगळी यीस्टची वाढ अडवतात.

एका हुशार मुलाचं यीस्ट झायलोजवर सुरेख चालायचं, पण हायड्रोलायझेटमध्ये फ्लास्क ढिम्म. त्याने झायलोज पचवण्यासाठी घातलेल्या जनुकांना दोष दिला आणि प्रमोटर (जनुक किती चालायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) बदलण्यात कित्येक आठवडे घालवले. मी पीएच विचारला, तर ४.८. ॲसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित होतं तो, ४.७६. म्हणजे जवळपास निम्मं आम्ल अविघटित, आणि तेच पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतं. ते बाहेर रेटण्यातच पेशीची ऊर्जा संपते. पीएच ६ ला हेच प्रमाण ५-६ टक्क्यांवर येतं. पीएच वाढवला आणि तोच जुना स्ट्रेन दुसऱ्या दिवशी वाढायला लागला. मात्र पीएच ६ ला जिवाणूंचा शिरकाव सोपा होतो, तेव्हा निर्जंतुकीकरणात कसूर नको.

फरफ्युरल असेल तर यीस्ट आधी त्याचं फरफ्युरिल अल्कोहोल करतं (हे इथेनॉल नव्हे), मग वाढतं. पहिल्याच दिवशी फ्लास्क ओतून देणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही. मी बीजच (फ्लास्कमध्ये सोडायचं सुरुवातीचं यीस्ट) आधी पातळ हायड्रोलायझेटमध्ये वाढवते आणि दर वेळी प्रमाण थोडं चढवते. वेळ लागतो, लागू द्यावा.

दुसरी मोठी चूक हिशेबाची. झायलोज संपलं म्हणजे इथेनॉल झालं, असं नाही. झायलोजचं झायलिटॉल करणाऱ्या झायलोज रिडक्टेज या एन्झाइमला एनएडीपीएच हा मदतनीस रेणू जास्त मानवतो, पण झायलिटॉल पुढे नेणाऱ्या झायलिटॉल डिहायड्रोजनेजला एनएडी हा वेगळा रेणू लागतो. हा मेळ बसला नाही की झायलिटॉल साचतं. १ ग्रॅम झायलोजमधून इथेनॉल फार तर ०.५१ ग्रॅम मिळतं, त्याहून जास्त आलं तर आधी मोजमाप तपासा. झायलिटॉल, ग्लिसरॉल, पेशींचं वजन, सगळं मांडून कार्बन जुळतो का ते मी पाहते. तो जुळल्याशिवाय मी आलेख काढायला बसत नाही.

तपकिरी द्रवात ओडी (गढूळपणावरून पेशींचं मोजमाप) घेताना ब्लँक, म्हणजे शून्याचा नमुना, म्हणून पाणी ठेवू नका, यीस्ट न घातलेला तोच हायड्रोलायझेट ठेवा. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, तापवल्यावर ती एकमेकांशी अभिक्रिया करतात. ग्लुकोज असेपर्यंत झायलोज मागे पडणारच, त्यावरून स्ट्रेनला नावं ठेवू नका. आणि प्लास्मिडवर (पेशीतल्या सुट्या डीएनएच्या कड्यावर) जनुक ठेवून निवडीचा दाब, म्हणजे प्लास्मिड असलेल्याच पेशी जगू देणारी अट, काढलात, तर शेवटी किती पेशींत प्लास्मिड उरलंय ते प्लेटवर मोजा.