नागपुरात नवीन आलात? आधी किराण्याचं बघू

बदली होऊन नागपुरात आलेला माणूस आधी भाड्याचं घर शोधतो आणि लगेच विचारतो, "इथं डीमार्ट जवळ कुठलं?" ते मोबाइल सांगेल. पण महिन्याची अख्खी यादी एकाच ठिकाणी उरकायची सवय असेल, तर ती इथं मोडा. मी कोल्हापूरची, आता इथलीच झाले. आमच्या घरची यादी हळूहळू वाटली गेली: पाकीटबंद सामान मॉलमधून, धान्य-मसाले इतवारीच्या जुन्या बाजारातून, भाजी बाजारातून आणि अडीनडीला कोपऱ्यावरचं दुकान.

मॉलवर जीव लावू नका. बिग बझार जोरात होतं तेव्हा बुधवारच्या सवलतीसाठी लोक रांगा लावायचे. 2022 मध्ये त्यातली बरीच दुकानं रिलायन्सकडे गेली, पाट्या बदलल्या आणि गिऱ्हाईक जिथं स्वस्त तिथं पांगलं. तसंच करावं. साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं यांत मॉल खरोखर स्वस्त पडतो. तेल मात्र बघून घ्या. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण शेजारीच तसाच दिसणारा, कमी वजनाचा पाऊच ठेवलेला असतो. आता पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापलेला असतो, तो वाचा. 'एकावर एक फ्री'ची पाटी नंतर.

तांदूळ मॉलमधून घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. पश्चिम महाराष्ट्रातून आला असाल तर इंद्रायणी-आंबेमोहोराची आठवण काही दिवस येईल, येऊ द्या. इथं भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचा तांदूळ येतो: एचएमटी, श्रीराम, आणि वासाचा हवा असेल तर चिन्नोर. एचएमटी हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने निवडून काढलेलं, आणि त्याला नाव पडलं ते एचएमटी घड्याळावरून. इतवारीत दुकानदार मूठभर दाणे तुमच्या तळहातावर ठेवतो. दाणे चोळून बघा, तुकडा किती आहे ते बघा. मग हमखास प्रश्न येतो, "ताई, नवा देऊ का जुना?" जुना म्हणा. "जुना घ्या, भात मोकळा होते," असं तोच सांगेल. नव्याला पाणी कमी लागतं आणि भात गिचका होतो. खिचडीला चालतो, वडाभाताला (भातावर कुस्करलेले डाळीचे वडे) नाही. आधी पाच किलो न्या, शिजवून बघा, मगच कट्टा उचला.

तिखट-हळदीची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडाशी करा. मिरची नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची, हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची मागा. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अर्थात नाव कुणीही सांगतो, त्यामुळे मिरची देठासकट घ्या आणि समोर उभं राहून कांडून आणा. कांदा-लसूण मसाला मात्र गावाकडूनच येऊ द्या. सावजी मसाला त्याची जागा घेत नाही, तो वेगळाच प्रकार आहे.

भाजीला कॉटन मार्केट. मेट्रोने सीताबर्डीनंतरचं स्टेशन, सकाळी लवकर गेलात तर उत्तम. सक्करदऱ्याला बुधवारी बाजार भरतो, सदरला मंगळवारी. गोकुळपेठेत माल निवडक आणि भाव चढे. पावसाळ्यात काटवल (करटोली) दिसलं की भाव न विचारता घ्या (विचारलात तर घेणार नाही). थंडीत तुरीचे ओले सोले (दाणे) आणि पोपटाच्या (वालाच्या) शेंगा येतात. मॉलमध्ये ते नीट मिळत नाही.

संत्र्याचं एवढंच सांगते. आंबिया बहराची फळं दिवाळीच्या सुमारास यायला लागतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाची साल हिरवट असली तरी फळ गोड निघतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका. हातात जड लागतं का ते बघा. बाहेरगावी पाठवायची असतील तर जरा घट्ट सालीची निवडा.

आता कोपऱ्यावरचं दुकान. पहिल्याच आठवड्यात तिथं तोंडओळख करून ठेवा. एप्रिल-मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी दहानंतर पिशवी घेऊन बाहेर पडायचं नाव कुणी काढत नाही. यादी व्हॉट्सॲपवर टाकली की पोरगा सामान घरी आणून देतो. चार रुपये जास्त लागतात, द्यावेत. यादीच्या वर "डाळ सुटी, पाकिटाची नको" असं लिहा, आणि दही मागवलंत तर ते संध्याकाळीच मागवा.