जुनी ‘कनेक्टेड’ गाडी घेताना आधीच्या मालकाची जोडणी कशी काढावी

भारतात 2019 साली ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर आणि किया सेल्टॉस या गाड्या अंगभूत सिमसह, म्हणजे स्वतःच इंटरनेटला आणि त्यातून मालकाच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपला जोडलेल्या (‘कनेक्टेड’) अशा आल्या आणि त्यांतल्या अनेक आता जुन्या गाड्यांच्या बाजारात विक्रीला दिसतात. अशी गाडी घेताना आपण टायर, विमा, आरसी बारकाईने तपासतो. गाडी कोणाच्या मोबाइलला जोडलेली आहे, हे मात्र पाहायचे राहून जाते. आरटीओत नाव बदलले म्हणून कंपनीच्या ॲपमधले नाव आपोआप बदलत नाही. ॲपमधले नाव बदलेपर्यंत आधीच्या मालकाला घरबसल्या गाडीचा ठावठिकाणा कळू शकतो आणि काही मॉडेलांत दारांची कुलपेही उघडता येतात. माझ्या मते ही बाब टायरच्या झिजेपेक्षा गंभीर आहे.

प्रथम गाडीत स्वतःचे सिम आहे का, ते पाहावे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालते म्हणजे ते आहेच असे नाही, कारण या दोन्हींना इंटरनेट आपल्या फोनचे लागते. शिवाय एकाच मॉडेलच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ही सोय बहुधा नसते. फोन जोडलेला नसतानाही स्क्रीनवर नेटवर्कच्या दांड्या दिसल्या, तर सिम आहे. मात्र सेवेची मुदत संपली असल्यास त्या दिसणार नाहीत, म्हणून आतल्या आरशाजवळ एसओएसचे, म्हणजे संकटात मदत मागण्याचे, बटण आहे का, हेही पाहावे.

मागच्या वर्षी भावासाठी एक गाडी पाहताना मी नकाशात ‘घर’ या खुणेवर बोट ठेवले, तर विक्रेत्याच्या सोसायटीच्या फाटकापर्यंतचा रस्ता उघडला. फोनच्या यादीत त्याच्या डॉक्टरांचा नंबरही तसाच होता. त्यामुळे स्क्रीन फॅक्टरी रीसेट करणे, म्हणजे तिच्यातली सगळी साठवलेली माहिती पुसणे, त्याच्याही हिताचे आहे. पण केवळ रीसेटवर विसंबू नये, कारण खाते कंपनीच्या सर्व्हरवर असते. विक्रेत्याला शेजारी बसवून आधी त्याच्या ॲपमधून गाडी काढून घ्यावी आणि मगच रीसेट करावे.

त्यानंतर आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्या नावाने नोंदणी करावी आणि मोफत मुदत कधी संपते, पुढे वर्षाला किती पैसे पडतील, हे लेखी विचारून घ्यावे.

व्यवहार पुरा करण्याआधी विक्रेत्याला त्याच्या फोनवर गाडी शोधायला सांगावी. ती सापडली नाही, तरच उरलेली रक्कम द्यावी.