चंद्रावरच्या बंदुका: या चुका टाळा

दिवाळी अंकांकडे आलेल्या विज्ञानकथा मी दरवर्षी वाचतो. चंद्रावरची लढाई आली की बंदुकीपाशी घोटाळा ठरलेला.

सर्वांत जुनी चूक म्हणजे, 'तिथे सगळं हलकं, मग शस्त्र कितीही जड चालेल.' वजन एक षष्ठांश होतं, वस्तुमान तेवढंच राहतं. गेल्या वर्षी एका तरुण लेखकाचा सैनिक ४० किलोची मशीनगन काठीसारखी गरगर फिरवत होता. कितीही सांगितलं तरी त्याला पटेना. शेवटी कर्वेनगरला आमच्या पार्किंगमध्ये २० लिटरचा भरलेला जार छताच्या हुकाला टांगला. सगळं वजन दोरीवर. म्हटलं, "झटकन डावीकडे ने आणि तिथंच थांबव." नेला त्यानं. जार काही थांबेना. त्याच्यामागे हा दोन पावलं ओढला गेला आणि कोपर खांबावर आपटलं. "काका, हा तर मलाच नेतोय!" आणि इथे पायाला फरशीची पकड तरी होती; चंद्रावर तीही सहापट कमी. म्हणून मी आधी नळीच्या टोकाकडचा भार कापतो, बाकीचं नंतर.

दुसरी चूक धक्क्याची. गुरुत्वाकर्षण कमी म्हणून धक्का वाढत नाही. ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगानं सुटली, तर बंदुकीच्या दारूतून निघणाऱ्या वायूचा धक्काही धरून पोशाखासह १७० किलोचा सैनिक सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर मागे जातो. एका गोळीनं काही बिघडत नाही. सेकंदाला दहा झाडल्या की खांद्यावर सतत सुमारे ५० न्यूटन रेटा येतो. पृथ्वीवर त्याचं वजन १,६०० न्यूटनच्या वर, तिथे पावणेतीनशे. ताठ उभा असेल तर पाय सरकण्याआधी तो उताणा पडतो. मी सरळ एकेक गोळी ठेवतो, नाहीतर सैनिकाला आडवा झोपवतो. 'गणित नंतर बघू' म्हणणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे.

निर्वातात गोळी सुटत नाही, असं लिहू नका. दारूतच ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवणारा घटक असतो. १९७५ साली सोव्हिएत अंतराळस्थानक सॅल्युत-३ वरची तोफ अंतराळात डागली गेली होती.

नळी थंड करायला हवा नाही, उष्णता फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपानं जाते. साधं तेल उडून जातं; मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण वापरा. चापाभोवतीची कडी जाड हातमोज्याचं बोट जाईल एवढी हवी. धुळीचं विसरू नका, अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांना तिनं घासून काढलं होतं.

पृथ्वीवर ३०० मीटरला नेम जुळवलेली रायफल चंद्रावर साधारण अर्धा मीटर वर मारते. आणि चुकलेली गोळी! क्षितिज अडीच किलोमीटरच्या आतच, पण ४५ अंशात सुटलेली गोळी ५०० किलोमीटरच्या पुढे, सुटली त्याच वेगानं आदळते. तिकडे आपलाच तळ नाही ना, हे मी कथेच्या नकाशावर आधी बघतो.