डीटीएचवरील संगीतवाहिनी बंद झाली किंवा बदलली, तर ग्राहकाने काय करावे

डीटीएचवरील एखादी संगीतवाहिनी बंद झाली की ग्राहकांच्या तक्रारींमध्ये राग पुष्कळ असतो आणि माहिती फार थोडी असते. हा राग रास्त आहे. मालिका किंवा सामना आपण ठरवून पाहायला बसतो. संगीतवाहिनी मात्र घरातली कामे चालू असताना तासन्‌तास सुरू असते आणि ज्यांना घराबाहेर पडणे जमत नाही अशा वृद्ध माणसांना तर तिचीच सोबत असते. तरीही ‘आमची वाहिनी परत द्या’ एवढेच लिहून पाठवले, तर ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ या ठरावीक उत्तरावर प्रकरण मिटवणे कंपनीला सोपे जाते. बदल नेमका कोणता झाला आणि तो कोणी केला, हे आधी शोधून मग तक्रार केली, तर वाहिनी परत मिळाली नाही तरी पैसे, योग्य पॅक आणि लेखी कारण या तीन गोष्टी मिळवता येतात.

आधी पडद्यावरचा संदेश वाचावा

रिमोटवर वाहिनीचा नेहमीचा क्रमांक दाबावा आणि पडद्यावर काय येते ते जसेच्या तसे लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही, अशा अर्थाचा संदेश आला तर वाहिनी अजून चालू आहे, फक्त आपल्याकडून काढली गेली आहे. बहुतेक वेळा पॅकची रचना बदललेली असते किंवा रिचार्जच्या वेळी दुसरा पॅक लागलेला असतो. क्रमांक दाबल्यावर भलतीच वाहिनी लागली तर जुनी वाहिनी दुसऱ्या क्रमांकावर गेली असण्याची शक्यता आहे, म्हणून मार्गदर्शिकेत संगीत विभागात जाऊन ती नावाने शोधावी. वाहिनी यादीतच नसेल, तर ती वितरकाच्या संपूर्ण सेवेतून गेलेली आहे. पडदा काळा राहून फक्त सिग्नल नसल्याचा संदेश येत असेल आणि आजूबाजूच्या क्रमांकांवरही तेच दिसत असेल, तर हा धोरणाचा प्रश्न नसून छतावरच्या डिश अँटेनाचा, केबलचा किंवा पावसाचा आहे. बॉक्स बंद करून पुन्हा चालू करणे आणि कंपनीच्या ॲपवरून सिग्नल रिफ्रेश करणे एवढ्याने तो अनेकदा सुटतो.

क्रमांकाबाबत एक नियम माहीत असलेला बरा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१७ च्या नियमांनुसार एखाद्या वाहिनीला दिलेला क्रमांक वितरकाने किमान एक वर्ष बदलू नये. वयस्कर माणसे वाहिनीचे नाव नव्हे तर क्रमांक लक्षात ठेवतात, म्हणून या नियमाचे मोल मला मोठे वाटते.

बदल कोणी केला, याचा शोध

तक्रार चुकीच्या दारी गेली की वाया जाते, म्हणून या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. वाहिनी चालवणारी कंपनी म्हणजे प्रसारक आणि ती आपल्या घरापर्यंत आणणारी डीटीएच कंपनी म्हणजे वितरक. टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही, सन डायरेक्ट हे वितरक आहेत. वाहिनीचा आशय, तिची कमाल किंमत आणि ती चालू ठेवायची की बंद करायची हे प्रसारक ठरवतो. ती आपल्या सेवेत कोणत्या क्रमांकावर दिसेल आणि वितरकाच्या स्वतःच्या कोणत्या पॅकमध्ये बसेल हे वितरक ठरवतो.

प्रसारकाने वाहिनीच बंद केली असेल, तर ती सर्व वितरकांकडून एकाच वेळी नाहीशी होते. हे ताडून पाहण्याची सोपी रीत म्हणजे दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन असलेल्या परिचितांना विचारणे. त्यांच्याकडेही वाहिनी गेली असेल तर आपल्या वितरकाशी भांडून उपयोग नाही. चॅनल व्ही ही एकेकाळची लोकप्रिय संगीतवाहिनी २०१८ मध्ये भारतात बंद झाली ती अशीच. ब्रिटनमध्येही एमटीव्ही म्युझिक, एमटीव्ही ८०ज, एमटीव्ही ९०ज, क्लब एमटीव्ही आणि एमटीव्ही लाइव्ह या वाहिन्या ३१ डिसेंबर २०२५ रोजी एकदम बंद करण्यात आल्या. गाणी मोबाइलवर ऐकली जाऊ लागल्यामुळे केवळ गाणी दाखवणाऱ्या वाहिन्यांचे जाहिरातींचे उत्पन्न आटते, आणि असे निर्णय बहुधा त्यातूनच होतात.

दुसऱ्यांकडे वाहिनी दिसते आणि आपल्याच वितरकाकडे नाही, तर प्रसारक आणि वितरक यांच्यातील करार संपला आहे किंवा तुटला आहे असे समजावे. अशा वेळी वाहिनी तोडण्यापूर्वी १५ दिवस आधी त्या वाहिनीवरच पट्टी फिरवून ग्राहकांना कळवण्याची जबाबदारी नियमांनी वितरकावर टाकलेली आहे. पडद्याच्या तळाशी फिरणाऱ्या त्या पट्टीकडे गाणी ऐकत असताना कोणाचे लक्ष जात नाही; पण ती दिसली तर तारखेसह तिचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात ते उपयोगी पडते. परदेशातही असेच घडते. अमेरिकेत डायरेक्टीव्ही या वितरकाने २०१० मध्ये एक्सएम या उपग्रह-रेडिओ सेवेच्या संगीतवाहिन्या काढून त्यांच्या जागी सॉनिकटॅप ही दुसऱ्या पुरवठादाराची सेवा आणली. तिथे वाहिन्यांचा प्रकार तोच राहिला, पण गाण्यांची निवड करणारे हात बदलले, आणि नियमित ऐकणाऱ्याला अशा वेळी खटकतो तो हाच बदल.

डीडी फ्री डिशचे गणित वेगळे आहे. प्रसारभारतीची ही सेवा मासिक शुल्क घेत नाही आणि तिच्यावरील खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने दिल्या जातात. हा लिलाव साधारणपणे दरवर्षी होतो आणि जागेची मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते. त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या दिवसांत फ्री डिशवरून संगीतवाहिनी गेली, तर प्रसारकाला लिलावात जागा मिळाली नाही किंवा त्याने ती घेतलीच नाही, हेच बहुधा कारण असते. आधी बॉक्समधून वाहिन्या नव्याने स्कॅन कराव्यात, कारण फेरबदलानंतर जुनी यादी चालत नाही. त्यानंतरही वाहिनी मिळाली नाही, तर दाद मागायची ती प्रसारकाकडेच, कारण तिथे परत येण्याचा निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

पैशांचा हिशोब

१ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या रचनेत ग्राहकाला वाहिन्या एकेक निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि संगीतप्रेमींनी त्याचा उपयोग फारच कमी केला आहे असे माझे मत आहे. मासिक रकमेचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे जोडणीचे शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्यासाठी वितरक दरमहा घेतो ती रक्कम. ते सुरुवातीला १०० वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये अधिक कर इतके होते, २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातच २०० वाहिन्या आल्या आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. मात्र आपले शुल्क जाहीर करणे वितरकावर बंधनकारक आहे. दुसरा भाग म्हणजे सशुल्क वाहिन्यांची किंमत. निःशुल्क संगीतवाहिनीला दुसऱ्या भागात काहीच पडत नाही. म्हणून एखादी सशुल्क वाहिनी गेली, तर जोडणीच्या शुल्कात बसणाऱ्या निःशुल्क संगीतवाहिन्यांची यादी वितरकाच्या संकेतस्थळावर पाहावी आणि त्यांतली आवडेल ती मागून घ्यावी. मराठी गाण्यांसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या ९एक्स झकाससारख्या वाहिन्या आपल्या वितरकाकडे आहेत का, असल्यास सशुल्क आहेत की निःशुल्क, हेही याच यादीत दिसते.

गेलेली वाहिनी आपण स्वतंत्रपणे निवडलेली असेल, तर बंद झाल्याच्या दिवसापासून तिचे पैसे द्यायचे कारण नाही. ती पॅकचा भाग असेल तर गुंता वाढतो, कारण पॅकची किंमत तीच ठेवून आत दुसरी वाहिनी घातली जाते. अशा वेळी पॅकमधील आपण खरोखर पाहतो त्या वाहिन्यांच्या सुट्या किमतींची बेरीज करून पाहावी. ती पॅकपेक्षा कमी भरली तर पॅक सोडून द्यावा.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुनी गाणी, भक्तिगीते किंवा फक्त ध्वनी असलेल्या ज्या सेवा वितरक स्वतःच्या नावाने चालवतो, त्या उपग्रहवाहिन्यांपेक्षा वेगळ्या असतात आणि त्यांची किंमत प्रसारक नव्हे तर वितरक ठरवतो. वाहिनी गेल्यावर हीच सेवा काही दिवस मोफत दिली जाते आणि पुढे तिचे शुल्क सुरू होते. मोफत मुदत कोणत्या तारखेला संपते हे विचारून घ्यावे, आणि सेवा नको असल्यास त्या तारखेच्या आधीच ती बंद करण्याची विनंती नोंदवावी.

तक्रार कशी लिहावी

दूरध्वनीवर बोलल्याने मन मोकळे होते, पण हाती काही राहत नाही. म्हणून फोन केला तरी तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ईमेल पाठवावा. मजकूर साधारण असा असावा: “माझा ग्राहक क्रमांक अमुक आहे. तमुक क्रमांकावरील ही संगीतवाहिनी मी स्वतंत्रपणे निवडलेली होती आणि तिचे शुल्क दरमहा माझ्या खात्यातून वजा होत होते. अमुक तारखेपासून ती दिसत नाही. ती कोणाच्या निर्णयामुळे बंद झाली, त्याची आगाऊ सूचना कोणत्या तारखेला देण्यात आली आणि त्यानंतर वजा झालेली रक्कम माझ्या खात्यात कधी जमा होईल, हे लेखी कळवावे. तिच्या जागी कोणतीही सशुल्क वाहिनी माझ्या संमतीशिवाय जोडू नये.” शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. आपण काय ऐकत होतो, ते का आवडत होते, हे लिहायचे असेल तर ते प्रसारकाला लिहावे. वितरकाच्या पत्रात तारीख, क्रमांक आणि रक्कम यांवरच भर असावा.

उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसेल, तर तक्रार क्रमांकासह वितरकाच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लिहावे. त्याचा पत्ता संकेतस्थळावरील ग्राहक विभागात असतो. पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. एका महिन्याच्या काही रुपयांसाठी तिथपर्यंत जावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण वर्षभराचे आगाऊ रिचार्ज केले आणि ज्या वाहिन्यांसाठी केले त्याच गेल्या, तर नक्की जावे.

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. मात्र नियम बदलण्यापूर्वी ट्राय सल्लामसलतीचे टिपण प्रसिद्ध करते आणि त्यावर कोणाही नागरिकाचे लेखी म्हणणे स्वीकारते. प्रसारक आणि वितरक त्यावर पानेच्या पाने लिहून पाठवतात. सामान्य ग्राहकांची पत्रे मोजकीच असतात, आणि म्हणूनच मुद्देसूद लिहिलेल्या पत्राची तिथे गरज आहे. एकट्याने जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांना आपला अनुभव कागदपत्रांसह कळवावा.

नाव तेच, गाणी मात्र गेली

सर्वांत अवघड प्रकार हा. वाहिनी चालू असते, क्रमांक तोच असतो, पण गाण्यांच्या जागी चित्रपट, रिॲलिटी शो आणि विनोदी तुकडे येतात. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत गाण्यांसाठी सुरू झालेली एमटीव्ही पुढे याच वाटेने गेली. आपल्याकडे केंद्र सरकार वाहिनीला परवानगी देताना वृत्तवाहिनी आणि वृत्तेतर वाहिनी एवढाच भेद करते. त्यामुळे वृत्तेतर परवानगी असलेल्या वाहिनीने गाणी कमी केली, तर तेवढ्याने परवानगीचा भंग होत नाही, आणि ‘हे बेकायदा आहे’ असे लिहिणारी तक्रार पहिल्याच वाचनात बाजूला पडते.

इथे उपयोगी पडते ती नोंद. एक आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री ठरलेल्या वेळी अर्धा तास वाहिनी लावून किती मिनिटे गाणी, किती मिनिटे जाहिराती आणि किती मिनिटे इतर कार्यक्रम होते, हे वहीत उतरवावे. कोणत्या काळातली गाणी वगळली गेली, तीच ती गाणी दिवसातून किती वेळा लागली, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव पडद्यावर दाखवणे बंद झाले का, हेही टिपावे. अशी नोंद जोडून प्रसारकाच्या कार्यक्रम विभागाला लिहिलेले पत्र वेगळे उठून दिसते, कारण त्यात भावना आहे आणि तिला आधारही आहे. त्याच पत्रात नेमकी मागणी करावी: पहाटेचे दोन तास जुन्या गाण्यांचे ठेवा, किंवा रविवारची भावगीतांची वेळ परत आणा. संपूर्ण वाहिनी पूर्ववत करा, या मागणीपेक्षा एका वेळेची मागणी मान्य करणे त्यांना सोपे असते.

उत्तराची वाट पाहताना सशुल्क वाहिनी चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय पुढच्या रिचार्जच्या तारखेपूर्वी घ्यावा. काढायची असेल तर कंपनीच्या ॲपवरून ती वगळावी, वगळल्याचा संदेश जपून ठेवावा आणि प्रसारकाला पाठवलेल्या पत्राखाली ‘या कारणामुळे अमुक तारखेपासून मी आपल्या वाहिनीचे शुल्क देणे थांबवले आहे’ अशी एक ओळ जोडून ते पुन्हा पाठवावे.