साच्यातलं पात्र घ्यायचंय? मग आधी त्याची ड्यूटी ओळखा

नवीन लिहिणाऱ्यांना ट्रोपची, म्हणजे कथांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळखीच्या साच्याची, फार भीती असते. आपल्या कथेत शहाणा म्हातारा आला, किंवा आधी भांडणारी आणि मग प्रेमात पडणारी जोडी आली, की संपलं, लोक म्हणणार हे कुठंतरी बघितलंय. मग 'एकदम वेगळं' पात्र शोधायला बसायचं आणि शेवटी हाताशी काय येतं, तर एक डोळा निळा, एक हिरवा, आणि मांजराला घाबरणारा खुनी. हे वेगळं नाही हो, हे नुसतं सजवलेलं आहे.

साचा वापरण्यात काही पाप नाही. नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार दिलेत, धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत, नायिकेच्या आठ अवस्था वेगळ्याच, आणि संस्कृत नाटकातला राजाचा खादाड मित्र, म्हणजे विदूषक, तर इतका ठरलेला की तो आला की आता खाण्यापिण्याचा विषय निघणार हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक. इटलीत 16व्या शतकात जी कोमेदिया देल्लार्ते नावाची नाटकं सुरू झाली त्यात पात्रं ठरलेली, बऱ्याच जणांचे मुखवटेसुद्धा ठरलेले, कंजूष म्हातारा पांतालोने, चलाख नोकर अर्लेक्किनो, बढाया मारणारा कॅप्टन. पण संवाद बरेचसे नट ऐनवेळी रचायचे. म्हणजे माणूस ओळखीचा, आणि आज तो काय बोलेल ते मात्र बघायचं. आपल्यालाही एवढंच जमवायचंय.

तर सुरुवात कुठून करायची? पात्राचं नाव, दिसणं, लहानपण हे सगळं बाजूला ठेवा आणि एका ओळीत लिहा की कथेत याची ड्यूटी काय आहे. स्वभाव नको, फक्त काम. 'हा हिरोला माहिती देतो.' 'ही हिरोला घराबाहेर पडायला लावते.' व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 मध्ये हेच केलं, 100 रशियन परीकथा घेऊन बसला आणि त्यातून 31 घटना आणि फक्त 7 भूमिका काढल्या, खलनायक, वस्तू देणारा, मदतनीस, राजकन्या आणि तिचा बाप, कामावर पाठवणारा, नायक, आणि खोटा नायक. त्याचं एक निरीक्षण मला लिहिताना सगळ्यात जास्त उपयोगी पडलं: एकाच माणसाकडे दोन भूमिका असू शकतात आणि एकच भूमिका दोघातिघांत वाटली जाऊ शकते. ओळखीचा साचा बदलायचा असेल तर हे सगळ्यात स्वस्त तंत्र आहे. मदत करणारा आणि अडवणारा एकच माणूस करून बघा, कथा आपोआप हलायला लागते.

ड्यूटी कळली की दुसरा प्रश्न, या माणसाला स्वतःला काय हवंय? आणि ते त्याच्या ड्यूटीच्या आड येतंय का? येत नसेल तर येईल असं काहीतरी शोधा, कारण तुमचा सगळ्यात चांगला सीन तिथेच असतो.

माझंच उदाहरण देते. एका कथेत मी म्हातारा घड्याळजी घेतला होता, त्याच्याकडे एक मुलगी शिकायला येते, तो तिला घड्याळांतून आयुष्याबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि शेवटून दुसऱ्या पानावर मरतो. वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, हा दुकान बंद केल्यावर काय करतो गं? मला उत्तरच देता येईना! तो माणूस नव्हताच, उपदेशाचं मशीन होतं. मग मी त्याचे हात थरथरायला लावले. आता त्याला बारीक काम जमत नाही आणि हे गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नाहीये, म्हणून त्याला मुलगी हवीये, म्हणजे खरं तर तिचे हात हवेत. शिकवणं तेच, पण आता प्रत्येक धड्यामागे त्याचा स्वार्थ आहे, तिने दुरुस्त केलेली घड्याळं त्याच्या नावावर बाहेर जातात, आणि ती जितकी हुशार होईल तितकी त्याची पंचाईत, कारण शिकली की जाईल आणि नाही शिकली तर दुकान बुडेल. शहाणपणाची वाक्यं मी सगळी कापली, एक ठेवलं, आणि ते तो खोटं बोलताना वापरतो.

आणि गुरू मरतो तो का, याचाही विचार करा. नायकाला एकटं पाडायचं असतं म्हणून मारतात, बाकी काही नाही. एकटं पाडायला मरणच कशाला लागतं? भांडण चालेल, गुरूने चुकीची बाजू घेतली तरी चालेल, किंवा तो समोर बसलाय आणि मदत करायची हिंमत त्याच्यात नाही, हे तर मरणापेक्षा वाईट.

हिरोचा मित्र. हा बहुतेक कथांत तोंडी लावण्यापुरता असतो, विनोद करतो, बाईक चालवतो, हिरोला 'अरे तू प्रेमात पडलायस' असं सांगतो. त्याची ड्यूटी बहुतेक वेळा वाचकाच्या वतीने प्रश्न विचारायची असते. 1887 मध्ये शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला तेव्हा डॉक्टर वॉटसनचं कामही हेच होतं, पण तो अफगाण युद्धात जखमी होऊन परतलेला, तब्येत आणि पैसा दोन्ही खालावलेला माणूस आहे, जागा परवडत नाही म्हणून रूममेट शोधतोय. त्याची गरज होम्सला भेटायच्या आधीपासून आहे. तुमच्या मित्राला हिरो नसलेला एक सीन लिहून बघा, कथेत नाही घेतला तरी चालेल. दोन वाक्यांत संपला तर मित्र अजून तयार नाही.

आता जरा नाजूक साचा. बायको, प्रेयसी किंवा बहीण मरते आणि मग हिरो पेटून उठतो. 1994 च्या एका सुपरहिरो कॉमिकमध्ये हिरोच्या मैत्रिणीचा मृतदेह फ्रीजमध्ये सापडतो, त्यावरून कॉमिक लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये अशा मारल्या गेलेल्या, छळलेल्या स्त्री पात्रांची यादीच केली आणि त्या प्रकाराला फ्रीजचंच नाव पडलं. केली स्यू डीकॉनिक या कॉमिक लेखिकेने एक टेस्ट सांगितलीय, स्त्री पात्र काढून तिथे एक छानसा दिवा ठेवा, कथा तशीच चालली तर गडबड आहे. मी दिव्याऐवजी बाईक घेते. बाईक जाळली तरी हिरो तितकाच पेटत असेल तर ती बाई तुम्ही लिहिलेलीच नाही. उपाय तिला वाचवणं हाच असतो असं नाही हं, मेली तरी चालेल, पण मरायच्या आधी तिने असं काहीतरी अर्धवट सोडलेलं असू द्या की जे हिरोला नको असतानाही पूर्ण करावं लागेल.

नावं मात्र जपून वापरा. उदास मुलाच्या आयुष्यात येऊन त्याला जगायला शिकवणारी, स्वतःचं काहीच नसलेली खट्याळ मुलगी, या साच्याला सिनेसमीक्षक नेथन रेबिनने 2007 मध्ये मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल असं नाव दिलं, ते इतकं पसरलं की थोडीफार वेगळी वागणारी कुठलीही मुलगी दिसली की लोक तोच शिक्का मारायला लागले, आणि 2014 मध्ये त्याने स्वतःच हा शब्द काढल्याबद्दल माफी मागितली. मेरी सूचंही तसंच झालं. पॉला स्मिथने 1973 मध्ये फॅन कथांची, म्हणजे चाहते आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन लिहितात त्या कथांची, टिंगल करायला साडेपंधरा वर्षांची, सगळं येणारी लेफ्टनंट मेरी सू लिहिली होती, आता कुठलीही हुशार नायिका आली की तेच नाव चिकटवतात. तुमच्या नायिकेला असं कुणी म्हणालं तर लगेच तिला वेंधळी करू नका, पायऱ्यांवरून पाडू नका. जे जिंकली त्यासाठी तिने काय गमावलं ते कथेत दिसतंय का एवढंच तपासा.

भांडणारी जोडी: भांडणाचं कारण खरं हवं. एका फोनमध्ये मिटेल असा गैरसमज असेल तर वाचक तुमच्यावरच चिडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील असं कारण शोधा, वेळ लागतो पण मिळतं.

खलनायकाला दुःखी बालपण द्यायची तर आता इतकी साथ आलीये की तोच वेगळा साचा झालाय. बाप दारू प्यायचा म्हणून हा शहर उडवणार, हे काय पटत नाही. त्याऐवजी त्याला एक नियम द्या जो तो कधीच मोडत नाही, म्हणजे उधारी ठेवत नाही, किंवा दिलेली वेळ चुकवत नाही, आणि मग कथेत अशी वेळ आणा की नियम मोडल्याशिवाय तो जिंकू शकत नाही. निवडलेला एकमेव तारणहार घेतला असेल तर, ज्याची निवड झाली नाही असा कुणीतरी शेजारी उभा करा, बाकी काम तोच करेल.

हे सगळं सगळ्या पात्रांना करत बसू नका मात्र. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने 1927 मध्ये पात्रांचे सपाट, म्हणजे एकाच गुणावर उभे, आणि गोल, म्हणजे अनेक बाजू असलेले, असे दोन प्रकार सांगितले, आणि लोक विसरतात की त्याने सपाट पात्रांची बाजूसुद्धा घेतलीये, ती पटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात. दोन-तीन जणांवर मेहनत घ्या. चोरी झाल्यावर दार उघडायला आलेल्या वॉचमनला पण बालपण, व्यसन आणि तुटलेलं लग्न दिलंत तर चोर तोवर पळून जाईल, त्याला फक्त दार उघडू द्या.