फराळानंतरचे पाच दिवस: हलक्या आहारात काय घ्यावे आणि काय टाळावे

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की अनेक घरांत ‘आता चार दिवस डिटॉक्स करू या’ असा बेत ठरतो, आणि मग कुणी नुसत्या लिंबूपाण्यावर राहते, तर कुणी बाजारातून तयार चूर्णांची पाकिटे आणते. शरीराला नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतच असतात. कोणत्याही रसाने त्या कामाला वेग येत नाही. मात्र तळण, साखर आणि मीठ काही दिवस कमी करून भाज्या, चोथा आणि पाणी वाढवले, तर पोट साफ होते आणि जडपणा ओसरतो. त्यासाठी उपाशी राहण्याची मुळीच गरज नाही.

या आहारात पहिला मान हिरव्या मुगाचा. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 22 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि सालीमुळे चोथाही भरपूर मिळतो. अर्धी वाटी मूग खमंग वास सुटेपर्यंत कोरडे भाजावेत, चार वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावेत आणि रवीने घोटावेत. हे कढण गाळू नये, कारण गाळणीत राहतो तो चोथाच आपल्याला हवा असतो. वरून हिंग, जिरे आणि आल्याची फोडणी चमचाभर तुपात करून द्यावी. जेवण अगदी कोरडे झाले की तिसऱ्या दिवशी हा बेत मोडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून तूप पूर्ण वगळू नये.

दुधीविषयी मात्र मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे. सकाळी कच्च्या दुधीचा रस पिण्याची पद्धत बरीच पसरली आहे, परंतु कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात; असा रस प्यायल्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. दुधी चिरण्यापूर्वी देठाकडची पातळ चकती कापून तिचा कण जिभेच्या टोकावर ठेवावा आणि थुंकून टाकावा. किंचितही कडवट चव लागली तर संपूर्ण दुधी फेकून द्यावा, कारण तो कडूपणा शिजवूनही जात नाही आणि इतर भाज्यांत मिसळून लपवला तरी धोका तसाच राहतो. रसापेक्षा मुगाची डाळ घालून केलेली दुधीची भाजी मला कितीतरी अधिक योग्य वाटते, कारण तिने पोटही भरते.

पेयांमध्ये पातळ ताक उत्तम: वाटीभर दह्याला तीन वाट्या पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर. सैंधव घातले तरी ते मीठच आहे, हे विसरू नये. दिवसभरातले सगळे मीठ मिळून 5 ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या, आत राहावे. कोकम घ्यायचे असल्यास चार-पाच आमसुले धुऊन पाण्यात भिजवावीत आणि कुस्करून ते पाणी प्यावे. बाटलीतल्या अमृत कोकमात साखर आणि आगळात मीठ असते, त्यामुळे मूळ हेतूच बाजूला पडतो. आवळे याच दिवसांत बाजारात येतात. रोज एक आवळा किसून कोशिंबिरीत घालावा, मोरावळा मात्र या पाच दिवसांत बरणीतच राहू द्यावा.

सोनामुखीसारखी रेचके घेऊन ‘सफाई’ करू नये, कारण त्यातून शरीरातले पाणी आणि क्षार जातात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शहाळ्याचे पाणी आणि पालेभाज्यांचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, करंबळ (स्टार फ्रूट) तर खाऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवण अचानक कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी रोजचाच सकस आहार चालू ठेवावा.

पाचही दिवस रात्री एक वाटी मऊ भात किंवा ज्वारीची भाकरी अवश्य असावी. सहाव्या दिवशी पोळी-भाजी, वरण-भात असे नेहमीचे जेवण सुरू करावे, आणि तळलेले पदार्थ आणखी दोन दिवस थांबवून मग थोडे थोडे घ्यावेत.